डॅम्पर लावण्याआधी खेळ शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींविषयी वर्तमानपत्रांत लिहिलं जातं तेव्हा रंग, क्रोम, लाकडी डॅशबोर्ड आणि इंजिनाचा आवाज यांवर रकाने भरतात. पुढचा धुरा (ॲक्सल) आणि स्टिअरिंग मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्यामुळे एक वाक्य सगळीकडे रुजलं आहे : ‘जुनी गाडी आहे, थोडी थरथरणारच.’ हे वाक्य चुकीचं आहे आणि धोक्याचंही. पुढची चाकं फडफडायला लागतात, स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं, तेव्हा बहुतेक वेळा कुठला तरी सांधा झिजलेला असतो. तो शोधायचं सोडून लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीचा, स्क्रू आवळतात, नाहीतर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हेलकावे शोषणारा दट्ट्या, आणून बसवतात. दोन्हींनी थरथर कमी होते आणि झीज होती तिथेच राहते. ड्रॅग लिंकमधला (बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्यातला) घासून लंबगोल झालेला बॉल डॅम्परमुळे शांत वाटतो, आणि एखाद्या खड्ड्यात खोबणीतून निसटतो. त्यानंतर स्टिअरिंग नुसतंच फिरत राहतं. हे टळावं म्हणून थोडं तपशिलात लिहीत आहोत.

आधी हे होतं कशामुळे ते. जुन्या गाड्यांत दोन्ही पुढची चाकं एकाच ठोकून घडवलेल्या धुऱ्याच्या टोकांना असतात. एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा धुरा कलतो आणि दोन्ही फिरती चाकं त्याच्याबरोबर कलतात. वेगाने फिरणारं चाक कलवलं की ते जायरोस्कोपसारखं वागतं, म्हणजे किंग पिनभोवती (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्याभोवती) आडवं वळू पाहतं. ते वळलं की उलट धुऱ्यालाच कलवतं. एकाने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने पहिल्याला. पाळण्याला नेमक्या क्षणी झोका देत राहावं तसं हे वाढत जातं. सांधे घट्ट असतील, शॉक ॲब्सॉर्बर काम करत असतील, तर हा झोका दोन-तीन हेलकाव्यांत विरतो. सांध्यांत खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर चाकांना मोकळीक मिळते आणि झोका थांबत नाही. १९२०च्या दशकात कमी हवेचे जाड ‘बलून’ टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक रूढ झाले, तेव्हा हा विकार नव्याकोऱ्या गाड्यांतही बळावला होता. जनरल मोटर्सने १९३४च्या मॉडेलांत पुढची चाकं स्वतंत्र टांगली, त्यामागच्या कारणांत हेही एक कारण होतं. मॉरिस ऑली या इंजिनिअरांचं त्यातलं काम प्रसिद्ध आहे. फोर्डने मात्र १९४८च्या मॉडेलपर्यंत एकसंध धुराच ठेवला. तेव्हा रचनेत ही खोड आहे, हे खरं. पण कारखान्यातून निघताना ती पिना आणि त्या ज्यांत फिरतात ते बुश यांच्या नेमक्या मापांनी काबूत ठेवलेली असायची. माप गेलं की खोड वर येते.

तपासणीची सुरुवात पान्ह्याने नाही, वेगाने करायची. साधारण ७० ते १०० किमीच्या एखाद्या ठरावीक वेगाला स्टिअरिंग बारीक थरथरत असेल आणि वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की थांबत असेल, तर तो वॉबल आहे. तिथे आधी चाकं आणि टायर बघायचे. २५ ते ५० किमीच्या दरम्यान, एखाद्या खाचेवरून गेल्यावर अचानक दोन्ही चाकं जोरात फडफडायला लागत असतील आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत सुटत नसतील, तर ती खरी शिमी. तिथे किंग पिन, टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि कॅस्टर (किंग पिनचा मागे कललेला कोन) बघायचे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ड्रम लंबगोल झालेला असू शकतो, किंवा पाट्याचे यू-बोल्ट सैल असू शकतात. आणि गाडी थरथरत नाही, नुसती इकडे-तिकडे भरकटते, सतत सावरावी लागते, तर तो वेगळाच आजार. त्यात कॅस्टर कमी पडलेला असतो, टायरात हवा कमी असते, किंवा उलट सगळं इतकं आवळलेलं असतं की स्टिअरिंग वळवल्यावर आपणहून सरळ होत नाही.

मग टायर. हवा मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे भरून, दोन्ही बाजूंना सारखी करून पुन्हा चालवून बघावी. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर खाली चपटे होतात. वीस-पंचवीस किमी चालवूनही ते गोल झाले नाहीत तर बाकी तपासणीला अर्थ नाही. चाक उचलून हाताने फिरवावं, जमिनीवर एखादा ठोकळा टायरपासून जेमतेम अंतरावर ठेवावा आणि फट कुठे कमी-जास्त होते ते बघावं. टायर वर-खाली ३ मिमीहून जास्त जात असेल, किंवा लोखंडी रिम आडवी २ मिमीहून जास्त डगमगत असेल, तर बॅलन्सिंगची वजनं कितीही लावा, उपयोग नाही. तारांच्या चाकात एकेक तार नखाने किंवा छोट्या पान्ह्याने वाजवून बघावी. सैल तार बद्द वाजते. लाकडी आऱ्यांच्या चाकात आरे हबपाशी करकरतात का बघावं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून चालवणं ही फुकटातली आणि फार बोलकी चाचणी आहे. चाकं बदलल्यावर थरथर बदलली, तर दोष चाकात.

बॅलन्सिंगला लोक जुन्या गाडीत महत्त्व देत नाहीत, म्हणून एक हिशेब. सुमारे ७०० मिमी व्यासाचं चाक ५० किमी वेगाला सेकंदाला सहाहून थोडे जास्त फेरे घेतं. मध्यापासून २५ सेंमीवर ५० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते चाकाला जवळपास २ किलोच्या जोराने ओढतं, आणि फेऱ्याफेऱ्याला दिशा बदलून. १०० किमीला तोच जोर चौपट, म्हणजे ८ किलो. मशीनवर बसत नाही असं चाक गाडीवरच बॅलन्स करता येतं. ब्रेक पूर्ण मोकळे करायचे, बेअरिंग धुऊन पातळ तेलावर चालवायचं, चाक हलकेच सोडायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर वजन लावत जायचं, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच उभं राहीपर्यंत. मग बेअरिंगला पुन्हा ग्रीस भरायला विसरायचं नाही.

आता सांधे. यातली सगळ्यात उपयोगी चाचणी सगळ्यात सोपी आहे आणि तीच कुणी करत नाही. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर उभी. एकाने आत बसून स्टिअरिंग जेमतेम चार-पाच सेंमी डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, संथ लयीत, चाकं न वळवता. दुसऱ्याने पुढून बॅटरी घेऊन एकेक सांधा बघायचा, स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात करून. बॉक्स चॅसिसवर हलतो का? ड्रॉप आर्म बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टबरोबर हलतो की शाफ्ट आधी हलतो आणि आर्म नंतर? आर्म हलल्याबरोबर ड्रॅग लिंक हलते का? ड्रॅग लिंकच्या दुसऱ्या टोकाचा स्टिअरिंग आर्म? तिथून टाय रॉडची दोन्ही टोकं? हालचाल ज्या सांध्यात हरवते तो झिजलेला. डोळ्यांना दिसत नसेल तर सांध्यावर बोट असं ठेवावं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर येईल. पाव मिमीचा खेळसुद्धा बोटाला कळतो. चाकं वर उचललेली असताना ही चाचणी करू नये. भार नसला की चाकं आपसूक हलतात आणि खेळ लपतो.

४३० मिमी व्यासाच्या स्टिअरिंगला कडेवर २५ मिमीपर्यंतचा मोकळा खेळ जुन्या गाडीत चालून जातो. ५० मिमीच्या पुढे गेला तर तो एकाच जागचा नसतो. थोडा बॉक्समध्ये, थोडा ड्रॅग लिंकमध्ये, थोडा टाय रॉडमध्ये, असा वाटून आलेला असतो. बॉक्सचा स्क्रू आवळून सगळा खेळ मारायचा प्रयत्न होतो तो इथेच.

किंग पिनसाठी गाडी उचलावी लागते. मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि धुऱ्याखाली भक्कम स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर काम करू नये. चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवायचं. टक्-टक् लागली की घाई करून निष्कर्ष काढायचा नाही, कारण बेअरिंगचा खेळही असाच लागतो. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं आणि पुन्हा हलवावं. खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. राहिला तर किंग पिनचा. पुढे ब्रेकच नसलेल्या गाडीत बेअरिंगचं नट तेवढ्यापुरतं आवळून खेळ मारावा, चाक हलवून बघावं, आणि नट लगेच पुन्हा पहिल्यासारखं मोकळं करावं.

किती खेळ म्हणजे किती झीज, हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. वरच्या आणि खालच्या बुशच्या मध्यांमध्ये ११० मिमी अंतर आहे आणि प्रत्येक बुशात पाव मिमी खेळ आहे असं धरा. ७०० मिमीच्या चाकाच्या वरच्या कडेला तो सुमारे १.६ मिमी दिसतो. म्हणजे कडेला ५ मिमी हालचाल दिसली तर प्रत्येक बुशात पाऊण मिमीहून जास्त मोकळीक झालेली आहे. नवीन बुशात ती ०.०२५ ते ०.०५ मिमी असते. ‘पाचच मिमी तर हलतंय’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून बघावा.

किंग पिन बदलताना बिघडतं ते असं. बुश दाबून बसवल्यावर त्याचं ग्रीसचं छिद्र निपलच्या, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाच्या, छिद्रासमोर आलेलं नसतं. बुश बसला की निपलच्या भोकातून तार घालून ती आरपार जाते का बघावं; हे रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) लावण्याआधी. रीमर दोन्ही बुशांतून एकाच सरळ रेषेत गेला पाहिजे. वरचा बुश वेगळा आणि खालचा वेगळा कापला तर पिन दोन्हींत स्वतंत्रपणे छान बसते आणि दोन्हींतून एकदम घातली की अडते. मग ‘थोडं मोकळं करू’ म्हणून जास्त कापलं जातं आणि नव्या कोऱ्या बुशात पहिल्या दिवसापासून खेळ राहतो. नीट बसलेली पिन, तेल लावल्यावर, अंगठ्याच्या भक्कम दाबाने आत सरकते. ठोकावी लागली तर घट्ट, आपल्या वजनाने घसरली तर सैल.

आणि धुऱ्याचा डोळा, म्हणजे पिन बसते ते भोक, बघायचा राहतो. पिन धुऱ्यात कॉटरने (आडव्या पाचरीने) जखडलेली असते, ती तिथे जराही हलता कामा नये. कॉटर सैल राहून पिन वर्षानुवर्षं धुऱ्यात हलत असेल तर डोळाच लंबगोल होतो. अशा धुऱ्यात नवीन पिन-बुश घालून पैसे वाया जातात. डोळा बोअर करून स्लीव्ह घालणं किंवा जाड पिन वापरणं हाच उपाय. गंजून बसलेली पिन काढताना धुरा लालभडक तापवू नये. धुरा आणि स्टिअरिंगचे आर्म उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचे असतात. आर्मला वेल्डिंग तर कधीच नाही. तडा आहे की नाही ते डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तपासता येतं, आणि सगळं सुटं केलेलं असताना ते करून घ्यावं.

गाडीचं वजन झेलणारं खालचं थ्रस्ट बेअरिंग उलटं बसवलेलं अनेकदा आढळतं. त्याच्या पत्र्याच्या टोपीची बंद बाजू वर यायला हवी, नाहीतर पाणी आत जातं. धुरा आणि नकल (किंग पिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) यांच्यातला उभा खेळ शिम (पातळ चकत्या) घालून ०.१ मिमीच्या आसपास आणावा, पण नकल हाताने सहज वळली पाहिजे. ग्रीस भरताना चाकं जमिनीवरून उचलावीत. वजन खाली असताना थ्रस्ट बेअरिंगच्या पृष्ठभागांमध्ये ग्रीस शिरतच नाही. बुशच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. एकीकडूनच येत असेल तर दुसरा रस्ता तुंबलेला आहे.

चाकाचं बेअरिंग स्वतः सोपं आहे. टेपर रोलर असेल तर चाक फिरवत नट आवळायचं, रोलर बसले की पुढच्या स्प्लिट पिनच्या भोकापर्यंत मागे घ्यायचं. ०.०५ ते ०.१५ मिमी खेळ राहिला पाहिजे. जुन्या कप-कोन बॉल बेअरिंगला खेळही नको आणि ताणही नको. स्प्लिट पिन दर वेळी नवीन.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची जुन्या पद्धतीची टोकं म्हणजे नळीत बसवलेला बॉल. त्याच्या दोन्ही बाजूंना वाट्या, मागे स्प्रिंग, आणि शेवटी आट्यांचा प्लग. उघडताना भागांचा क्रम लिहून किंवा फोटो काढून ठेवावा. स्प्रिंग कुठल्या बाजूला आहे हे मुद्दाम ठरवलेलं असतं, दोन्हीकडून येणारे धक्के झेलले जावेत म्हणून. आणि स्प्रिंगमधली थांबवणारी खुंटी गाळली तर स्प्रिंग तुटल्यावर बॉल बाहेर पडतो. बॉल कॅलिपरने दोन दिशांनी मोजावा. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, त्यामुळे बॉल पुढून आणि मागून घासतो, बाजूंनी नाही. दोन मापांत अर्ध्या मिमीहून जास्त फरक आला की तो बॉल संपला. अशा बॉलवर प्लग आवळला तर सरळ जाताना बरं वाटतं आणि पूर्ण वळवल्यावर बॉलची न घासलेली बाजू वाट्यांत अडकते. प्लगची रीत साधी आहे : स्प्रिंग पूर्ण दाबून बसेपर्यंत आवळायचा, मग साधारण अर्धा फेरा मागे घेऊन स्प्लिट पिनच्या पहिल्या भोकावर थांबायचं. त्यानंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडतंय का ते बघायचं. न विसरता.

या सांध्यातला खेळ क्षुल्लक वाटतो म्हणून आणखी एक हिशेब. टाय रॉडचा आर्म किंग पिनपासून १५० मिमी लांब असेल आणि एका टोकात फक्त अर्धा मिमी खेळ असेल, तर ७०० मिमीच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत सुमारे २.३ मिमी फरक पडतो. एकसंध धुऱ्याच्या कित्येक गाड्यांना टो-इन (चाकं पुढच्या बाजूला जेवढी आत वळलेली असतात ते माप) सांगितलेला असतो तोच मुळात दीड ते तीन मिमी. म्हणजे टोकं न बदलता अलाइनमेंट करून आणणं हे ढिल्या खिळ्यावर चित्र सरळ टांगण्यासारखं आहे.

स्टिअरिंग बॉक्सला हात शेवटी लावायचा, हे आम्ही जोर देऊन सांगतो. आतली रचना वर्म-सेक्टर असो, कॅम आणि पेग असो की बॉल-नट असो, सगळ्यांत तत्त्व एक आहे. चाकं सरळ असतानाच्या जागेवर दाते सगळ्यात जास्त घासतात, कारण गाडीचं आयुष्य त्याच जागेवर जातं. म्हणून कारखाने मधल्या जागी मुद्दाम थोडी जास्त घट्ट पकड ठेवत. मधला भाग घासल्यावर तिथला खेळ स्क्रूने पूर्ण मारला, तर कडेच्या न घासलेल्या दात्यांवर बॉक्स जाम होतो. गाडी वळण घेते आणि स्टिअरिंग परत येत नाही. वळणातून बाहेर पडताना हे कळलं तर उशीर झालेला असतो.

बॉक्स जुळवायचा तर ड्रॅग लिंक सोडवून, बॉक्स मोकळा करून. क्रम बदलायचा नाही : आधी वर्मच्या (स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या मळसूत्री गिअरच्या) बेअरिंगचा उभा खेळ शिमने काढायचा, मग सेक्टर शाफ्टचा (ड्रॉप आर्म धरणाऱ्या शाफ्टचा) आडवा खेळ, आणि सगळ्यात शेवटी दात्यांची पकड. तीही चाकं सरळ असतानाच्या मध्यबिंदूवर. तो मध्यबिंदू शोधायला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेतं ते मोजावं आणि बरोबर निम्म्यावर थांबावं. तिथे चाकं सरळ नसतील, तर ड्रॉप आर्म चुकीच्या दात्यावर बसवलेला आहे किंवा ड्रॅग लिंकची लांबी चुकली आहे. अशा गाडीत बॉक्सची घट्ट जागा सरळ रस्त्याला लागतच नाही, आणि लोक बॉक्सला दोष देत राहतात. काम झाल्यावर मध्यबिंदूवरून जाताना बोटाला किंचित अडखळल्यासारखं जाणवावं. दोन्ही कडांकडे मोकळं वाटावं. सेक्टर शाफ्टचा बुश घासला असेल तर दाते कितीही जुळवा, शाफ्ट वर-खाली हलतो आणि तेल गळतं. बुश आधी बदलावा.

तेल गळतं म्हणून बॉक्समध्ये घट्ट ग्रीस कोंबणं ही सर्रास चालणारी चूक आहे. दाते ग्रीसमध्ये चर पाडतात, ग्रीस कडेला जाऊन बसतं, परत येत नाही आणि वर्म कोरडा चालतो. तेलासाठी बनवलेल्या बॉक्सला जाड गिअर ऑइलच हवं, १४० ग्रेडचं, आणि आत पितळी किंवा कांस्याचे भाग असतात म्हणून जीएल-४ प्रतीचं. गळती थांबतच नसेल तर ओघळणारं ००-ग्रेडचं पातळ ग्रीस चालतं. बॉक्स चॅसिसला धरणारे बोल्ट आणि त्याभोवतीचा पत्रा तड्यांसाठी बघावा. काही गाड्यांत सगळा खेळ तिथेच सापडतो.

पाट्यांकडे वळू. शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याच्या) पिना आणि बुश घासले की धुरा आडवा सरकतो, आणि ड्रॅग लिंक एका टोकाला चॅसिसवरच्या बॉक्सला बांधलेली असल्यामुळे धुरा सरकला की चाकं आपोआप वळतात. पहार लावून पाटा आडवा ढकलून बघावा. यू-बोल्ट सैल असले की पाट्याचा मधला बोल्ट कापला जातो आणि धुरा मागे-पुढे होतो. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजलं तर हे लगेच उघड होतं. शॉक ॲब्सॉर्बर लिव्हरवाले असतील तर लिव्हर सोडवून हाताने वर-खाली करावा. मध्येच हलका लागला तर तेल कमी आहे. घर्षणाच्या चकत्यांचे असतील तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा हवा आणि चकत्यांना तेल लागलेलं नको.

कॅस्टर म्हणजे किंग पिन वरून मागे किती कलली आहे तो कोन. तो कमी असला की गाडी भरकटते, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त असला की शिमी होते, हे फार थोड्यांना. स्टिअरिंग सैल वाटतं म्हणून धुऱ्याखाली पाचर घालून कॅस्टर वाढवला आणि त्याच दिवसापासून चाकं फडफडायला लागली, असं अगदी सहज घडतं. मागचे पाटे बसले, गाडी मागे झुकली, तरीही पुढचा कॅस्टर वाढतो. तेव्हा पाचर घालण्याआधी गाडी सपाट जमिनीवर ठेवून कोन मोजावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघावा. धुरा पाट्याच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवल्याने कॅस्टर वाढतो, पुढे ठेवल्याने कमी होतो. धुरा पाट्याच्या वर असेल तर उलट. दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसेल आणि पाटे ठीक असतील, तर धुरा पिळलेला आहे.

टो-इन सगळं झाल्यावर. चाक फिरवत टायरच्या मध्यावर खडूची बारीक रेष काढावी, गाडी थोडी पुढे ढकलून थांबवावी, धुऱ्याच्या उंचीला पुढून अंतर मोजावं. मग गाडी पुढेच ढकलत तीच रेष मागे, त्याच उंचीला आणावी आणि पुन्हा मोजावं. गाडी मागे ढकलायची नाही. खेळ उलट बाजूला जातो आणि माप खोटं येतं. टो-इन वाढवून शिमी दाबणारे आहेत. चाकं एकमेकांकडे रेटली जातात, खेळ ताणून धरला जातो आणि फडफड थांबते. पण टायर त्याची साक्ष देतो. नक्षीच्या प्रत्येक पट्टीची आतली कड सुरीसारखी धारदार होते. हात बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि आतून बाहेर फिरवला तर बोचतं. गाडी विकत घेणाऱ्याने तरी हा हात एकदा फिरवून बघावा.

युद्धकाळातल्या विलीज जीपसारख्या गाड्यांत धुऱ्याच्या मध्यावर एक बेल क्रँक (पिनेवर फिरणारा लिव्हर) असतो आणि टाय रॉड दोन असतात. वरच्या सगळ्या तपासण्या तिथेही लागू आहेत, पण सुरुवात बेल क्रँकच्या पिनपासून करावी. पिनेतला छोटा खेळ दोन्ही चाकांना एकदम मिळतो. त्या गाडीत किंग पिनच्या जागी बेअरिंगवर फिरणारी नकल असते आणि तिचा ताण शिम काढून-घालून ठरवतात. टाय रॉड सोडवून नकल स्प्रिंग काट्याने ओढून बघावी. विनासायास हलली तर ताण गेलेला आहे.

टायर बदलायचे झाले तर एका धुऱ्यावर रेडिअल आणि क्रॉस-प्लाय (आतल्या धाग्यांच्या रचनेवरून पडलेले टायरचे दोन प्रकार) असे मिसळू नयेत, आणि पुढे रेडिअल, मागे क्रॉस-प्लाय असं कधीच ठेवू नये.

आता डॅम्परविषयी. तो मुळातच वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. काही गाड्यांना कारखान्यातूनच लावलेला असायचा. पण तो शेवटी लावायची गोष्ट आहे : किंग पिन, टोकं, पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, चाकं, कॅस्टर सगळं मापात आल्यावर, आणि तरीही गरज वाटली तर. तेव्हाही काही महिन्यांनी एकदा तो सोडवून गाडी चालवून बघावी, म्हणजे त्याच्याआड नवीन काही झिजत असेल तर कळेल.

हे सगळं होईपर्यंत रस्त्यावर शिमी सुरू झालीच, तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नये. पुढचे ब्रेक धुऱ्याला पिळतात आणि फडफड वाढते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरावं, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, आणि वेग आपोआप उतरू द्यावा. गाडी थांबली की पुढे जाण्याआधी वाकून ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांचे प्लग आणि स्प्लिट पिना जागेवर आहेत का ते बघावं.

आपले,
जुन्या मोटारींच्या पुढच्या धुऱ्याचं काम करणारे काही वाचक